अर्थसी मालिका: जादू टाळणाऱ्या जादूगारांची ओढ

कोरा कागद

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या, अर्थसी नावाच्या काल्पनिक बेटांच्या जगात घडणाऱ्या कादंबरी-मालिकेवर मनसोक्त बोलायचं कधीपासून मनात होतं. सूचना: पुढे सगळ्याच पुस्तकांतल्या घटना उघड होणार आहेत. ज्यांना कोऱ्या पाटीने वाचायचं आहे त्यांनी निदान पहिली तीन पुस्तकं संपवून मग इकडे यावं. तशी छोटीच आहेत ती, पहिलं तर जेमतेम दोनशे पानांचं.

माझं म्हणणं आधीच मांडते. या मालिकेतले खरे मोठे जादूगार जादू करायचं टाळतात, आणि आपण तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो ते त्यामुळेच.

पहिलं पुस्तक 'अ विझार्ड ऑफ अर्थसी', १९६८ सालचं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा शेळ्या राखणारा आईवेगळा पोरगा. मावशी गावातली चेटकीण, तिच्याकडून तो चार मंत्र उचलतो आणि त्यांच्या जोरावर चालून आलेल्या लुटारूंना धुक्यात हरवून गाव वाचवतो. त्याची कीर्ती ऐकून ओगियन नावाचा जादूगार येतो, तेराव्या वर्षी त्याला गेड हे खरं नाव देतो आणि शिष्य म्हणून बरोबर घेऊन निघतो. पोराला वाटतं, आता रोज एक नवा चमत्कार शिकायला मिळणार. दिवसामागून दिवस दोघं नुसते चालत राहतात. ओगियन बोलतही नाही फारसा.

मग पाऊस लागतो. अर्थसीत पाऊस पळवून लावणं ही मामुली विद्या. जिथे मांत्रिक फार, तिथे बिचारा ढग याने त्याच्याकडे ढकलायचा, त्याने पुढच्याकडे, असं होत होत शेवटी समुद्रावर जाऊन रिता व्हायचा. ओगियन पाऊस पडू देतो. एक दाट फरचं झाड बघतो आणि त्याच्याखाली आडवा होतो. गेड ठिबकणाऱ्या झुडपांत अंग चोरून, चडफडत बसलेला. एवढी शक्ती अंगात असून ती वापरायचीच नसेल, तर काय उपयोग तिचा?

उरलेली सगळी पुस्तकं या एका प्रश्नाशी झगडतात असं मला वाटतं. आणि गंमत अशी, की त्या क्षणी आपल्यालाही गेडचंच म्हणणं पटलेलं असतं. आपणही चमत्कार बघायलाच पुस्तक उघडलेलं असतं ना! पुढे रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत, जॅस्परच्या टोमण्यांनी डिवचला जाऊन, गेड मेलेल्या माणसाचा आत्मा बोलवायला जातो आणि जगाला पडलेल्या फटीतून एक काळी सावली आत येते. ती फट बुजवताना शाळेचा प्रमुख, म्हातारा आर्कमेज नेमर्ले, जिवानिशी जातो. शक्ती वापरल्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली. इतक्या लवकर, आणि इतक्या कठोरपणे.

माझं सर्वांत आवडतं प्रकरण मात्र पेंडोरच्या ड्रॅगनचं. गेड आता एका गरीब बेटसमूहाचा जादूगार आहे. शेजारच्या बेटावर ड्रॅगनची पिल्लं मोठी होत चालली आहेत आणि ती कधी ना कधी या कोळ्यांवर तुटून पडणार. सावली त्याच्या मागावर आहेच. तो एकटा होडीतून जातो, पिल्लांशी लढतो, आणि मग म्हातारा ड्रॅगन समोर येतो. जुन्या बखरी वाचून गेडने त्याचं खरं नाव ताडलेलं असतं: येवॉड. नाव हातात म्हणजे सत्ता हातात. तेव्हा ड्रॅगन त्याच्यापुढे सौदा ठेवतो, तुझ्या मागे लागलेल्या त्या सावलीचं नाव मी तुला सांगतो. ज्याच्यावाचून गेडचा जीव टांगणीला लागलाय, नेमकं तेच. गेड काय मागतो? ड्रॅगनने आणि त्याच्या पिल्लांनी पुन्हा कधीही या माणसांकडे फिरकायचं नाही, अशी शपथ. झालं. स्वतःसाठी काही न मागता परत येतो.

या प्रसंगावर लेखिका एकही भावुक वाक्य लिहीत नाही. तो परत येतो, लोकांना काय ते सांगतो, पुढचं प्रकरण.

आणखी एक. कथा सुरू होतानाच ले ग्विनबाई सांगून टाकतात की हा मुलगा पुढे ड्रॅगनांशी बोलणारा आणि सगळ्या जादूगारांचा प्रमुख होणार आहे. म्हणजे तो वाचणार की नाही, ही धाकधूक पहिल्याच परिच्छेदात संपवली. उरतं ते एवढंच की तो कोण होऊन वाचणार. म्हणूनच शेवटी तलवारी नाहीत, सैन्यं नाहीत. पूर्वेच्या शेवटच्या बेटापलीकडे एक होडी, दोन मित्र, आणि पाण्याची वाळू झालेली. गेड आणि सावली एकाच क्षणी एकमेकांचं नाव उच्चारतात आणि ते नाव एकच असतं.

तुम्हाला या मालिकेत काय भावलं? आणि चौथ्या पुस्तकाबद्दल, 'तेहानू'बद्दल, तुमचं मत ऐकायला फार आवडेल. माझ्या ओळखीत त्यावरून दोन तट आहेत.

उत्तररात्र

धागा काढल्याबद्दल आभार. पावसाचा प्रसंग माझ्याही मनात घर करून आहे. तिथेच पुढे गेड एका साध्या रानरोपाचा उपयोग काय असं विचारतो आणि ओगियन म्हणतो, मला तरी काही ठाऊक नाही. त्याच्या मते आधी ते रोप मुळापासून बीपर्यंत, सगळ्या ऋतूंत ओळखावं, म्हणजे त्याचं खरं नाव कळतं, आणि ते कळणं त्याच्या उपयोगापेक्षा मोठं.

मला वाटतं तुमचा मुद्दा आणि नावांची कल्पना एकमेकांत गुंतलेली आहेत. अर्थसीत जादू म्हणजे वस्तूचं आदिभाषेतलं खरं नाव जाणणं. रोकच्या शाळेत हे शिकवणारा गुरू एका एकाकी मनोऱ्यात राहतो आणि पोरांकडून नावांच्या याद्या पाठ करून घेतो. मध्यरात्री शाई उडून जाते, पान कोरं. तोवर पाठ झालं तर झालं! इतकं कंटाळवाणं शिक्षण मी दुसऱ्या कुठल्या जादूच्या शाळेत पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच ते मला खरं वाटतं. हातचलाखीचा गुरू तर गेडला स्पष्ट बजावतो की खड्याचा हिरा दिसायला लावणं सोपं, पण खरोखर हिरा करायचा तर खड्याचं नाव बदलावं लागेल, म्हणजे जगाचा तेवढा तुकडा बदलावा लागेल, आणि त्याचे परिणाम कुठवर जातील हे कळल्याशिवाय एक खडाही हलवू नये.

ले ग्विनबाईंनी तरुणपणापासून लाओत्सेचा 'ताओ ते चिंग' वाचला, १९९७ साली त्याची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही काढली. न करण्यातलं करणं हा विचार तिथून अर्थसीत आला आहे. वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यामुळे समाज कसा रचला जातो, कुठे काय निषिद्ध असतं, गाणी कशी टिकतात, हे सगळं घरातच कानावर पडत असणार. अर्थसीतली बेटं खरी वाटतात ती यामुळे. राजांच्या वंशावळी फार येत नाहीत, पण कुठल्या बेटावर होड्या कशा बांधतात ते येतं.

जाता जाता: येवॉड पहिल्या कादंबरीच्या आधीपासूनचा आहे. १९६४ साली 'फँटॅस्टिक' मासिकात अर्थसीच्या दोन कथा आल्या होत्या, त्यातल्या 'द रूल ऑफ नेम्स'मध्ये तो भेटतो. कुठल्या रूपात ते मुद्दाम सांगत नाही.

वाचनवेडी

काय सुरेख लिहिलंय दोघांनी. रोपाच्या प्रसंगाला +१. वाचते आहे.

सरळवाट

मी थोडा विरोधी सूर लावतो. पहिलं पुस्तक मी आदराने वाचलं, पण त्यात रमलो नाही. सगळं दुरून सांगितल्यासारखं वाटतं. एखादा वृद्ध शाहीर जुनी गाथा सांगतोय आणि आपण ऐकतोय. माणसं आपसात फार कमी बोलतात, विनोद जवळपास नाहीच, आणि गेडच्या मनात काय चाललंय ते लेखिका एका वाक्यात सांगून पुढच्या बेटाकडे निघते. मला फँटसीत माणसांची गर्दी लागते. चुलीपाशी बसलेली, भांडणारी, गाणारी माणसं. इथे पानंच्या पानं एकटा माणूस, होडी आणि धुकं.

दुसरी तक्रार गंभीर आहे. पहिल्या पुस्तकात बायका कुठे आहेत? मावशी अर्धवट ज्ञानाची चेटकीण, ओस्किलच्या गढीतली सेरेट मोहात पाडणारी, आणि शेवटी मित्राची धाकटी बहीण घर सांभाळणारी. बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू दुष्ट, अशी म्हण गाँटवर आहे आणि निवेदक ती सहज सांगून जातो. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही आणि कुणालाही त्याचं आश्चर्य वाटत नाही. शक्तीच्या संयमावर एवढा खोल विचार करणाऱ्या पुस्तकाला हे दिसू नये?

कोरा कागद

सरळवाट, दुसरा मुद्दा अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर लेखिकेने पुढे स्वतःच दिलं, त्यावर कुणीतरी सविस्तर लिहीलच.

पहिल्या मुद्द्यावर मात्र भांडते. माणसं कमी आहेत, पण जी आहेत ती किती थोडक्यात उभी राहतात बघा. सावली मोकळी सुटल्यावर गेड महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. उठतो तेव्हा चेहऱ्यावर वण, जिभेत अडखळणं, आणि बरोबरीची मुलं पुढे गेलेली. ती त्याला टाळतात. तेव्हा त्याचा शाळेतला मित्र वेच येतो, आणि निरोप घेताना आपलं खरं नाव त्याला सांगतो. अर्थसीत खरं नाव सांगणं म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हातात देणं. ज्या मुलावर कुणाचाच विश्वास उरलेला नाही, त्याचा स्वतःवरही नाही, त्याला. मैत्रीवर इतकं कमी शब्दांत इतकं मोठं मी क्वचितच वाचलंय.

आणि ती होडी! हँड्स बेटांवरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून गेड एक जुनी गळकी होडी घेतो. बदल्यात त्याला दुसरी पक्की होडी देतो, शिवाय त्याच्या डोळ्यांतले मोतीबिंदू बरे करतो. म्हातारा म्हणतो, हिचं नाव लुकफार ठेव आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना डोळे रंगव, म्हणजे माझे आभार त्या लाकडातून तुझ्यासाठी खडक पाहत राहतील. हाच एक छोटा प्रसंग. म्हातारा पुन्हा येत नाही, पण ते रंगवलेले डोळे पुढच्या दोन्ही पुस्तकांत गेडबरोबर फिरतात. तुम्हाला हवी असलेली चुलीपाशीची ऊब इथे आहे, फक्त ती एकेका मुठीएवढी आहे.

चुलीवरून आठवलं, वेचची बहीण यारो प्रत्यक्ष चुलीपाशीच गेडला विचारते की तुम्ही जादूगार नुसतं पदार्थाचं नाव घेऊन तो पोटात का घालत नाही? आणि तो तिला गंभीरपणे समजावतो की शब्दाने भूक भागत नाही. पुस्तकाचा सगळा गाभा एका पोरीच्या प्रश्नात आला की नाही?

पिंपळपान

मला मालिकेतलं दुसरं पुस्तक सर्वांत जवळचं, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', १९७१. त्याबद्दल सविस्तर लिहायचा मोह आवरत नाही.

सरळवाट यांच्या तक्रारीनंतर हे पुस्तक हातात घ्यावं. नायिका तेनार. जुनी पुजारीण मेली त्या रात्री जन्मली, म्हणून तीच पुन्हा जन्माला आली असं ठरवून तिला पाचव्या वर्षी आईबापांपासून तोडून आणतात. नाव काढून घेतात. आता ती अर्हा, म्हणजे गिळली गेलेली. वाळवंटातल्या थडग्यांखाली एक गुहा आणि चक्रव्यूह आहे, त्याची ती एकटी मालकीण. तिथे उजेड नेणं हा सर्वांत मोठा अधर्म. अंधारात हाताने चाचपत, वळणं मोजत ती तो चक्रव्यूह पाठ करते, आणि त्याचा तिला केवढा अभिमान!

गेड या पुस्तकात जवळपास मध्यावर येतो. आणि कसा येतो? एके दिवशी ती नेहमीच्या वाटेने गुहेत उतरते तर समोर उजेड. एक परका माणूस काठीच्या टोकावर प्रकाश घेऊन उभा. ती संतापाने थिजते, पण त्याच क्षणी तिला गुहा दिसते. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीभर स्फटिक, पाण्याने युगानुयुगं कोरलेली पांढऱ्या चुनखडीची नक्षी, छत लखलखतंय. जिथे ती लहानपणापासून वावरली, ज्याची ती स्वामिनी, ते इतकं सुंदर आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. कुणी एक शब्द बोललेला नाही आणि तिची सगळी श्रद्धा हादरली आहे.

पुढे ती त्याला आत कोंडते, तहानेने मरायला सोडते, मग चोरून पाणी देते. तो तिची सुटका कशी करतो? तिचं नाव तिला परत देऊन. तू तेनार आहेस. कोरा कागद यांच्या मुद्द्याला यासारखा पुरावा नाही. इथे गेडची सगळी ताकद त्या जागेच्या काळ्या शक्तींना थोपवून धरण्यातच खर्च होते आहे. दार उघडण्याचा निर्णय पूर्णपणे त्या मुलीचा.

आणि बाहेर पडल्यावर? ती आनंदाने नाचत नाही. रडते. एका रात्री हातात सुरी घेऊन त्याच्यावर चालून जाते. मोकळीक हे केवढं जड ओझं आहे, ते पेलायला तिला कुणी शिकवलेलंच नाही. किशोरांसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकात ही समज! हातात घालायच्या ज्या कड्याचा अर्धा तुकडा शोधायला गेड तिथे येतो, त्याचा दुसरा अर्धा भाग त्याच्याकडे कुठून आला ते आठवतंय ना? पहिल्या पुस्तकात एका उजाड वाळूच्या बेटावर त्याला दोन म्हातारी भावंडं भेटतात. लहानपणी राजघराण्यातून तिथे टाकून दिलेली, बोलणंही जवळपास विसरलेली. म्हातारी त्याला मोतीजडित झबलं दाखवते आणि कड्याचा तुटका तुकडा हातात ठेवते. त्याला त्याची किंमत माहीत नसते. तो त्यांच्या खाऱ्या झऱ्याचं पाणी गोड करून निघून जातो. दोन पुस्तकांमधला सांधा म्हणजे एका भ्रमिष्ट म्हातारीने दिलेली भेट.

शाईपेन

रंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते.

गेड तांबूस तपकिरी आहे. वेच त्याहून काळा. अर्थसीतली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी, आणि पहिल्या प्रकरणात गाव लुटायला येणारे कार्ग लोक गोरे, पिवळ्या केसांचे. तेनार त्यांच्यातलीच. १९६८ साली अमेरिकेत किशोरांसाठी फँटसी लिहिताना नायकाचा असा रंग ठरवणं साधं नव्हतं. लेखिका हे जाहीर करत नाही, जाता जाता एखाद्या वाक्यात सांगते. वाचक तोवर गेडशी एकरूप झालेला असतो.

मुखपृष्ठांवर मात्र तो वर्षानुवर्षं गोरा दाखवला गेला. २००४ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेत तर सरळ गोरा नट घेतला, आणि ले ग्विनबाईंनी लेख लिहून त्याचा जाहीर निषेध केला. २०१८ मध्ये चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह सगळी मालिका एका जाडजूड खंडात आली, त्या चित्रांसाठी त्यांनी व्हेस यांच्याबरोबर बारकाईने काम केलं होतं. खंड बाजारात येण्याआधीच, त्या वर्षीच्या जानेवारीत, त्या गेल्या. मला फार लागून राहिलं ते.

दीपमाळ

'तेहानू'वर लिहिते. मी त्या तटात आहे जो या पुस्तकासाठी भांडतो.

आधी पार्श्वभूमी. १९७२ च्या 'द फार्देस्ट शोअर'मध्ये गेड आणि तरुण अर्रेन मेलेल्यांच्या कोरड्या प्रदेशात उतरतात. मरणाला फसवू पाहणाऱ्या कॉबने जीवन आणि मृत्यू यांच्यातलं एक दार उघडं ठेवलंय, त्यातून जगातला सगळा अर्थ गळून चाललाय. गेड ते दार बंद करतो आणि त्यात त्याची सगळी शक्ती संपते. अर्रेन राजा होतो. गेडचं पुढे काय झालं याच्या दोन वेगवेगळ्या हकिकती सांगून पुस्तक संपतं. भव्य शेवट. त्यावर १८ वर्षं गेली.

१९९० साली ले ग्विनबाई परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गोष्ट पुढे सुरू केली. ड्रॅगनच्या पाठीवरून गाँटवर उतरलेला गेड आता फक्त एक थकलेला, लाजलेला माणूस. तेनार शेतकऱ्याची विधवा, मुलं मोठी झालेली. तिने एक पोर सांभाळायला घेतलंय, थेरू. तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत ढकललेलं. अर्धा चेहरा जळालेला, एका हाताचा नुसता पंजा राहिलेला. लोक नजर चुकवतात.

आता कोरा कागद यांचा मुद्दा इथे लावून बघा. पहिल्या तीन पुस्तकांत शक्ती न वापरण्याचा मोठेपणा होता, पण तो मोठेपणा ज्यांच्याकडे शक्ती आहे त्यांचाच! ज्यांच्याकडे कधी नव्हतीच त्यांचं काय? स्वयंपाक, धुणं, शेळ्या, आजारपणं, रात्री दाराला अडसर लावताना वाटणारी भीती. लेखिकेने स्वतः लिहिलेलं जग या बाजूने पहिल्यांदा पाहिलं. सरळवाट ज्या म्हणीबद्दल चिडले, तिच्याच मुळाशी हे पुस्तक जातं. रोकचे गुरू नवा आर्कमेज शोधताहेत आणि त्यांच्यातल्या एकाला उत्तर मिळालंय, गाँटवरची एक बाई. त्याचा अर्थ एकालाही लागत नाही. बाई हे उत्तर असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

तेनारचा मुलगा स्पार्क समुद्रावरून परततो तो थेट घरमालक होऊन. जेवलेली भांडी धुणं त्याच्या लेखी बायकांचं काम. एका ओळीत तेनारला कळतं की आपण या पोराला कसं वाढवलं. ड्रॅगन नाही, सावली नाही, फक्त एक न धुतलेली थाळी, आणि मला त्या पानाने अर्थसीतल्या कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त हलवलं. घरावर गुंड चाल करून येतात तेव्हा गेड काय करतो? त्याच्याकडे काठी नाही, मंत्र नाही. तो गवत उपसायचा काटेरी दांडा घेऊन भिडतो.

या पुस्तकाला विज्ञानकथा-फँटसीसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. पण मी पुरस्कारासाठी त्याची बाजू घेत नाही. शेवटी थेरू ज्या आवाजात कालेसिन या ड्रॅगनला हाक मारते, त्या हाकेसाठी घेते.

सरळवाट

दीपमाळ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुस्तक महत्त्वाचं आहे यावर वाद नाही. तरी माझी अडचण राहतेच. पहिल्या तीन पुस्तकांत वाईटालाही चेहरा होता. गेडची सावली म्हणजे गेडच. कॉबचीही शेवटी दया येते. 'तेहानू'तला मांत्रिक अस्पेन नुसता द्वेष आहे, बायकांचा द्वेष, बस. ज्या लेखिकेने मला शिकवलं की शत्रूचं नाव आपलंच असू शकतं, तिने इथे तो शोध सोडून दिला असं मला वाटतं. शेवटही फार घाईत उरकतो. मघाशी इतक्या सावकाश विणलेली गोष्ट, आणि एका उड्डाणात ड्रॅगन येऊन सगळं निस्तरतो.

दीपमाळ

अस्पेनबद्दल मान्य, तो सपाट आहे. घाईबद्दल नाही. ड्रॅगन आपणहून येत नाही, ज्या पोरीला अख्ख्या गावाने निकामी ठरवलं ती त्याला बोलावते. तयारी पहिल्या प्रकरणापासून आहे. ओगियन मरण्याआधी तेनारला सांगून जातो की लोक या मुलीला घाबरतील, आणि हिला सगळं शिकव.

उत्तररात्र

सरळवाट, शोध सोडला नाही असं मला वाटतं, तो व्यक्तीवरून जगाकडे वळला. त्यासाठी २००१ ची दोन्ही पुस्तकं वाचायला हवीत.

'टेल्स फ्रॉम अर्थसी'मध्ये 'द बोन्स ऑफ दि अर्थ' ही कथा आहे. पहिल्या पुस्तकापासून आपण ऐकत आलोय की ओगियनने गाँटचा भूकंप थोपवला. या कथेत कळतं की डोंगराच्या पोटात शिरून तो धरून ठेवणारा होता ओगियनचा म्हातारा गुरू डल्स. त्यातच संपून गेला तो. आणि ज्या गुरूकडून डल्सला तो मंत्र मिळाला, ती एक बाई होती. त्याच पुस्तकातल्या 'द फाइंडर'मध्ये तर रोकची शाळा स्थापन करणाऱ्यांत बायका होत्या हे उघड होतं. म्हणजे मुलींना प्रवेश नाही हा नियम नंतरचा, आणि तो कुणी आणला हे विसरलं गेलं. अर्थसीतला इतिहास तिथल्या विजेत्यांनी लिहिला होता आणि आपण तीन पुस्तकं त्यावर विश्वास ठेवला!

'दि अदर विंड'मध्ये बाई याहून पुढे जातात. मेलेल्यांचा तो कोरडा प्रदेश, जिथे प्रेमीसुद्धा एकमेकांना ओळखत नाहीत, तो निसर्गाचा भाग नव्हताच. खऱ्या नावांच्या जोरावर अमर व्हायला निघालेल्या प्राचीन जादूगारांनी तो ड्रॅगनांच्या वाट्यातून चोरून घडवला. ज्या नावांच्या विद्येवर मालिका उभी आहे, तीच या चोरीचं हत्यार. शेवटी जिवंत आणि मेलेले मिळून त्या प्रदेशाच्या सीमेवरची दगडी भिंत पाडतात. स्वतःच्या सर्वांत लाडक्या कल्पनेला तेहतीस वर्षांनी असं उलटं तपासणारा लेखक मला दुसरा आठवत नाही. ओगियनने पावसाला हात लावला नाही तो का, हे मला तिथे नव्याने कळलं.

नवी पालवी

मी एकही वाचलेलं नाही आणि सूचना असूनही सगळा धागा वाचून काढला. आता कुठून सुरू करू? गोष्ट माहीत झाल्यावर मजा जाईल का? घरात वाचणारी एक बारा वर्षांची मुलगीही आहे.

कोरा कागद

नवी पालवी, मजा जात नाही. वर लिहिलंय तसं लेखिका स्वतःच पहिल्या परिच्छेदात पुढचं सांगून मोकळी होते.

क्रम प्रकाशनाचाच ठेवा. पहिली तीन ओळीने वाचली तरी चालतील. मुलीला पहिली दोन आत्ताच द्या, अटुआन तर तिच्याच वयाच्या मुलीपासून उलगडत जातं. तिसऱ्यात मरणाबद्दल पुष्कळ आहे, ते तिच्या कलाने. 'तेहानू' तिला इतक्यात नको. थेरूवर झालेला अत्याचार संयमाने लिहिलेला असला तरी तो काय आहे हे कळण्याजोगा लिहिलाय. तुम्ही स्वतः मात्र तिसऱ्यानंतर थोडं थांबून 'तेहानू' घ्या. लागोपाठ वाचलं की सरळवाट म्हणतात तसा सूर बदललेला खटकतो.

एक गोष्ट विसरू नका. 'टेल्स फ्रॉम अर्थसी' नुसत्या पूरक कथा समजून बरेच जण गाळतात. त्यातली शेवटची 'ड्रॅगनफ्लाय' वाचल्याशिवाय 'दि अदर विंड'ला हात लावू नका, नाहीतर इरियन ही कोण आणि रोकचे गुरू तिला बघून असे का बिचकतात ते कळणार नाही.